अकरा किलोचा ‘पोर्टेबल’ आणि माझा सव्वा किलोचा प्रश्न

तर झालं असं, की गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपने मान टाकली. अगदी शब्दशः. डाव्या बाजूची बिजागरी आधीच तुटली होती, स्क्रीनला पाठीमागून पुस्तकाचा टेकू देऊन मी दिवस काढत होतो. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं चालायची. शेवटी एका सकाळी तो सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, यात आता पैसे घालू नका."

सहा वर्षं वापरलेलं मशीन. वजन अडीच किलोच्या वर, शिवाय विटेएवढा अडॅप्टर. आता नवीन घ्यायचा म्हटल्यावर दोन नावं समोर आली. एक सव्वा किलोचा, सडपातळ, पंखासुद्धा नसलेला. दुसरा जुन्याच वळणाचा: अडीच किलो, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्डाशिवाय लॅपटॉप म्हणजे नुसता टाइपरायटर." ऑफिसमधला मित्र म्हणाला, "रॅमशी तडजोड करू नकोस, हल्ली ती नंतर वाढवता येत नाही." बायकोने एकच प्रश्न विचारला, "आणि तुझ्या पाठीचं काय?"

पाठीचा प्रश्न तसा खरा होता, पण त्यामागे आणखी एक प्रश्न होता, जो मी कोणाला सांगितला नव्हता. आई पाटणजवळच्या गावी एकटी राहते. वय ७६. मी एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी स्वारगेटहून एसटीने जातो, सोमवारी तिथूनच काम करतो आणि रात्री परततो. म्हणजे, असं ठरलेलं आहे. गेल्या वर्षभरात हे ठरलेलं बऱ्याचदा मोडलं. आणि दरवेळी फोनवर मी सांगितलेलं कारण एकच, "अगं, काम आहे, तो सगळा डोलारा घेऊन एसटीत नाही जमत." त्यावर आईचं उत्तरही एकच, "असू दे रे. ये की निवांत पुढच्या आठवड्यात."

निर्णय होईना, तेव्हा मी निर्णय न होणारी माणसं जे करतात ते केलं. इतिहास वाचत बसलो. हा प्रश्न माझ्या आधी कोणाकोणाला पडला आणि त्यांनी काय केलं?

सुरुवात एप्रिल १९८१ पासून करू. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाच्या माणसाने एक पेटी मांडली. नाव ‘ऑस्बोर्न १’. किंमत १७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो. आज आपण हसू, पण बंद केल्यावर शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसणारा हा संगणक विमानाच्या सीटखाली मावत होता आणि तेव्हा तीच मोठी गोष्ट होती. आत झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि ५ इंचाची स्क्रीन. बॅटरी नाही. म्हणजे उचलून न्या, पण पोचल्यावर आधी प्लग शोधा.

या ऑस्बोर्नचं आपल्या देशाशी नातं आहे बरं का. जन्म १९३९ सालचा बँकॉकचा, पण बालपण तमिळनाडूत गेलं. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी, तिरुवन्नमलईला राहिलेले. अमेरिकेत कंपनी काढून, गाजवून आणि बुडवून झाल्यावर आजारी ऑस्बोर्न नव्वदच्या दशकात भारतात परत आला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला. त्याचं तत्त्वज्ञान साधं होतं: कामापुरतं आहे ना, मग पुरे. त्यापुढचं सगळं फालतू.

पण कामापुरतं म्हणजे नक्की किती? इथे गाडी अडली. ऑस्बोर्नच्या छोट्या स्क्रीनवर एका ओळीत ५२ अक्षरं दिसायची. टाइप केलेल्या कागदाची ओळ मात्र ८० अक्षरांपर्यंत जाते. म्हणजे पत्र लिहिताना ओळीचं शेपूट बघायला स्क्रीन उजवीकडे सरकवायची, मग परत डावीकडे आणायची. १९८२ मध्ये केप्रो आला. त्याची स्क्रीन ९ इंची होती आणि तिच्यावर पूर्ण ८० अक्षरं बसायची. तो ऑस्बोर्नपेक्षा जड होता, लोकांनी तरी घेतला. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी कॉम्पॅक नावाची कंपनी काढली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर केला. तो तर जवळजवळ १३ किलोचा. पण आयबीएम पीसीवर चालणारे प्रोग्रॅम त्यावर तसेच्या तसे चालत. पहिल्या वर्षात ५३,००० पोर्टेबल विकले गेले आणि कंपनीने १११ दशलक्ष डॉलरची विक्री केली. ऑस्बोर्नच्या कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळं जाहीर केलं. (पुढचं मॉडेल आधीच जाहीर केल्यामुळे चालू मॉडेलचा खप बसला, अशी एक प्रसिद्ध गोष्ट सांगतात. पण तगडे प्रतिस्पर्धी हेही कारण होतंच.)

इथपर्यंत वाचून मी मनातल्या मनात अडीच किलोवाला जवळजवळ घेतला होता. लोक वजनाला घाबरत नाहीत, काम अडण्याला घाबरतात, हे सरळ दिसत होतं.

पण त्याच १९८३ साली एक उलटी गोष्ट घडली. टँडी कंपनीने ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ बाजारात आणला. बनवणारी जपानची क्योसेरा. वजन सुमारे १.४ किलो, आकार जाडजूड वहीएवढा. स्क्रीन म्हणजे ४० अक्षरांच्या ८ ओळी, बस्स. मेमरी ८ केबीपासून पुढे. फ्लॉपी नाही. ऑस्बोर्नच्या ५२ अक्षरांना नाकं मुरडणाऱ्या जगात ४० अक्षरांचं हे खेळणं चालायलाच नको होतं. पण चार साध्या पेन्सिल सेलवर ते सुमारे २० तास चालायचं! बटण दाबलं की ताबडतोब सुरू, आणि आत मोडेमसुद्धा. पत्रकारांनी ते उचलून धरलं. मॅच संपली, मांडीवर बातमी लिहिली, फोनच्या तारेवरून ऑफिसला पाठवली, घरी गेले. आतल्या प्रोग्रॅमचा बराच भाग खुद्द बिल गेट्सने लिहिला होता.

म्हणजे एकाच वर्षात १३ किलोचा कॉम्पॅकही जिंकला आणि १.४ किलोचा मॉडेल १०० सुद्धा. हिशेब करणाऱ्याला पूर्ण ताकद हवी होती, बातमीदाराला आठ ओळी पुरत होत्या. दोघांनाही आपलं काम काय आहे ते नीट माहीत होतं. (मला माझं माहीत होतं का? तिकडे येतो.)

याच सुमाराचा तिसरा नमुना मला सगळ्यात जास्त आवडला. १९८२ चा ‘ग्रिड कंपास’. बिल मॉग्रिजने त्याचा आराखडा केला. स्क्रीन कीबोर्डवर मिटवायची, शिंपल्यासारखी. आज आपल्या सगळ्यांचे लॅपटॉप मिटतात ते तसेच. मॅग्नेशियमचं कवच, वजन ५ किलोच्या आसपास आणि प्रोसेसर इंटेलचा ८०८६. म्हणजे हलका आणि ताकदवान, दोन्ही. किंमत? ८१५० डॉलर. इतके पैसे देणार कोण? सरकार, लष्कर आणि नासा. अवकाशयानातून तो अंतराळात जाऊन आला. पण गंमत पुढे आहे. या पहिल्या मॉडेलमध्ये बॅटरी नव्हती. आणि फाइल ठेवायला जास्त जागा हवी असेल तर मोडेमवरून कंपनीच्या ‘ग्रिड सेंट्रल’ या मोठ्या संगणकाशी जोडून घ्यायचं. १९८२ साली! आपण ज्याला आज क्लाउड म्हणतो तेच हे.

इथे माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. मी ‘हलका’ हा एकच प्रकार धरून चाललो होतो. खरं तर दोन आहेत. मॉडेल १०० हलका होता आणि आपल्या पायावर उभा होता: सेल घाला, कुठेही बसा. ग्रिडही त्या काळाच्या मानाने हलका, पण त्याचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलला होता. भिंतीतला प्लग आणि टेलिफोनची तार. त्या दोन्ही नसतील तर आठ हजार डॉलरचा पेपरवेट. :-)

पुढचा टप्पा १९८९. अ‍ॅपलने मॅकिंटॉश पोर्टेबल काढला. त्यात काहीही सोडायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखी रचना होती. उत्तम स्क्रीन, पूर्ण आकाराचा कीबोर्ड, गाडीत असते तशी शिसं-आम्लाची बॅटरी. वजन ७.२ किलो. तो आपटला. मग अ‍ॅपलने तोच आराखडा सोनीला दिला आणि सांगितलं, हा लहान करून द्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेला पॉवरबुक १०० म्हणजे तोच, १६ मेगाहर्ट्‍झचा तोच ६८००० प्रोसेसर, पण वजन २.३ किलो. सोनीने काय केलं? इतर गोष्टींबरोबर फ्लॉपी ड्राइव्ह बाहेर काढला, लागेल तेव्हा वायरीने जोडा म्हणून. त्याच दिवशी त्याच दुकानात मोठा भाऊही ठेवला होता. पॉवरबुक १७०: ३.१ किलो, जास्त वेगवान प्रोसेसर, जास्त चांगली स्क्रीन, किंमत जवळजवळ दुप्पट. म्हणजे आज मी ज्या काउंटरसमोर उभा आहे तो तेव्हापासून मांडलेला आहे.

आता माझ्या पिढीकडे येतो. माझा पहिला लॅपटॉप २००५ चा. कंपनीचं नाव जाऊ दे. वजन साडेतीन किलो आणि आत डेस्कटॉपचा पेंटियम ४. ‘लॅपटॉप’ म्हणून तो एकदा मांडीवर घेतला आणि पाचव्या मिनिटाला उशी शोधली. पंखा असा घोंगावायचा की शेजारचा म्हणायचा, मिक्सर लावलाय का? पण अभिमान केवढा होता. ३ गिगाहर्ट्‍झ! तेव्हा आपण सगळेच गिगाहर्ट्‍झ मोजत होतो, जसं आधीच्या पिढीने रेडिओचे बँड मोजले.

मला कळलं नव्हतं ते हे, की तो आकडा तेव्हाच भिंतीला धडकला होता. चिप जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात तर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. जास्त वेगाने पळवायचं तर सहसा व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. २००४ चा पेंटियम ४ शंभर वॉटच्या वर गेला. त्याच्या पुढची चिप इंटेलने मे २००४ मध्ये रद्दच केली.

दरम्यान इस्रायलमध्ये हैफाला इंटेलचा एक गट फक्त लॅपटॉपसाठी वेगळी चिप करत होता. मार्च २००३ मध्ये ती ‘पेंटियम एम’ नावाने आली. वेग १.६ गिगाहर्ट्‍झ. कागदावर बिचारी. पण दर ठोक्याला काम जास्त करायची, त्यामुळे कितीतरी जास्त गिगाहर्ट्‍झच्या पेंटियम ४ च्या तोडीस तोड चालायची आणि वीज पंचवीस वॉटच्या आसपास. पुढे काय झालं? २००६ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी जी ‘कोअर २’ मालिका आणली, तिचा वंश पेंटियम ४ चा नव्हता, या लॅपटॉपवाल्या चिपचा होता. काटकसरीत वाढलेलं पोर शेवटी घर चालवायला लागलं म्हणायचं.

हाच खेळ पुन्हा एकदा झाला. १५ जानेवारी २००८ ला स्टीव्ह जॉब्जने खाकी पाकिटातून मॅकबुक एअर काढला तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. १.३६ किलो. डीव्हीडी ड्राइव्ह गायब, यूएसबीचं भोक एकच, आणि आत आयपॉडमध्ये असायची तसली १.८ इंची संथ हार्ड डिस्क. गरम झाला की हळू चालायचा. दिसायला राजकुमार, कामाला आळशी. पण डीव्हीडी नसली तरी चालतं, हे पुढच्या चार-पाच वर्षांत सगळ्यांनीच मान्य केलं. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच एअरमध्ये एम१ चिप आली, १.२९ किलो, पंखा नाही, आणि तिने बऱ्याच जाडजूड लॅपटॉपना मागे टाकलं. ही चिप मोबाइलच्या वंशातली, म्हणजे एआरएम घराण्यातली. त्या घराण्याचा मूळपुरुष १९८५ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवला. पहिली चिप तपासताना तिच्या विजेच्या तारेत प्रवाह शून्य दिसला. नंतर कळलं, वीज जोडलेलीच नव्हती. इतर पिनांमधून येणाऱ्या सिग्नलच्या विजेवरच ती चालत होती!

मग हलकाच घ्यावा, इतिहास संपला? नाही ना. तीच युक्ती मोठ्या मशीनलाही वापरता येते. जिथे पंखे आणि जागा आहे तिथे जास्त वॉट ओतता येतात. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, घरच्या घरी भाषेची मॉडेल्स चालवणं, तासन्‌तास चालणारी गणितं, ही कामं ज्याची रोजची आहेत त्याने जडच घ्यावा. त्याच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त एक आकडा त्याने लक्षात ठेवावा: १००. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही, म्हणून मोठ्यात मोठे लॅपटॉपही ९९ ला थांबतात. मशीन पूर्ण ताकदीने शंभर वॉट खात असेल तर हिशेब तोंडी करा. एक तास. म्हणजे जड लॅपटॉपची ताकद ही बहुतांशी भिंतीतल्या प्लगची ताकद आहे.

आता माझं काम काय, ते. मी इंजिनिअर माणूस, म्हटलं मोजू या. ऑफिसने तात्पुरता दिलेल्या मशीनवर आठवडाभर एक छोटी स्क्रिप्ट चालवली. पाच दिवसांत मी मशीनसमोर ४३ तास होतो. त्यात प्रोसेसर खऱ्या अर्थाने घामाघूम झाला तो वेळ पावणेतीन तास. तो बहुतेक बिल्ड आणि टेस्टचा, आणि तो ऑफिसच्या सर्व्हरवर टाकता येतो. उरलेले चाळीस तास मी वाचत होतो, टाइप करत होतो, मीटिंगमध्ये मान डोलावत होतो. म्हणजे मॉडेल १०० वाला बातमीदारच की मी! इतकी वर्षं कॉम्पॅकवाल्याच्या ऐटीत वावरत होतो.

पण सर्व्हरवर टाकायचं तर नेटवर्क हवं, आणि आईच्या घरी मोबाइलची रेंज फक्त मागच्या पडवीत, तीही पावसाच्या मर्जीवर. वीज तर पावसाळ्यात दुपारीच जाते आणि कधी येईल ते वायरमनलाही माहीत नसतं. तेव्हा मला ग्रिडसारखा हलका नको, मॉडेल १०० सारखा हवा. वीज गेली तरी दिवसभर चालेल, रेंज गेली तरी कोड आणि कागदपत्रं आत असतील. मोठं बिल्ड पडवीत जाऊन पाठवीन, किंवा सोमवारचं मंगळवारी करीन. या दृष्टीने पाहिल्यावर यादी लहान झाली. सव्वा किलोवालाच, पण ग्राफिक्स वगैरे सोडून पैसे रॅममध्ये घातले: ३२ जीबी. मित्राचं ऐकलं, भाच्याचं नाही.

काही गमावलं, ते सांगायला हवं. पूर्ण टेस्ट माझ्या मशीनवर आधी ९ मिनिटांत व्हायच्या, नव्यावर २० लागतात आणि शेवटी शेवटी तळ चांगलाच तापतो. दोन मॉनिटर जोडायला एक डबी सोबत ठेवावी लागते. सोनीने फ्लॉपी बाहेर काढली तसंच.

आणि एक गोष्ट मोजणीतून निघाली जी मी मोजायला गेलो नव्हतो. गेल्या वर्षी मी सात वेळा गावी जाणं रद्द केलं. कॅलेंडर आणि ऑफिसचे मेसेज उघडून त्या सातही सोमवारी नेमकं काय काम होतं ते तपासलं. जड मशीन लागेल असं काम एकदा होतं. एकदा. बाकी सहा वेळा मी दमलो होतो, किंवा कंटाळा आला होता, किंवा एसटीची गर्दी नको होती. लॅपटॉपचं ओझं हे आईला सांगायला बरं दिसणारं कारण होतं, आणि तिला ते कळत होतं, असं मला आता वाटतं. "असू दे रे" इतक्या पटकन दुसऱ्या कशाने येत नाही.

नवीन लॅपटॉप मागच्या शुक्रवारी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला आणि साडेपाचची गाडी पकडली. सॅक इतकी हलकी की कराडला उतरताना विसरणार होतो. आईने लॅपटॉप हातात घेऊन तोलून बघितला, भाजीवाली जुडी तोलते तसा. म्हणाली, "एवढाच? मग इतके दिवस काय घेऊन हिंडत होतास?" मी काही बोललो नाही. चहा मागितला.

असो. वीज शनिवारी दुपारी दोनला गेली ती रात्री नऊला आली. हा लेख त्याच वेळात पडवीत बसून लिहिला, बॅटरी ४१ टक्के उरली. रेंज आली की टाकतो. पुढच्या वेळी उशीर झाला तर समजून घ्या, मी गावी असेन.